जाताना काळा, येताना लाल

आमच्या घरात कुत्रं येणार आहे असं मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी लग्नालाच उभी राहिले नसते. पण नशिबात असेल ते चुकतं थोडंच? घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. आम्हाला व्याही अजून मिळायचे होते, म्हणून ते काम लेकीनेच उरकलं. शिकत असताना हे पिल्लू उचलून आणलं, आणि नोकरी लागल्यावर आमच्या गळ्यात टाकून दुसऱ्या शहरात गेली. जाताना म्हणाली, आई, जम बसला की घेऊन जाते. तिचा जम केव्हाच बसला. कुत्रं इथेच आहे.

त्याचं नाव तिने काहीतरी गोड गोड ठेवलं होतं. मी ठेवलं मुकादम. कारण असं, की आमचे हे अंगणात बोर्ड रंगवायला बसले की हा समोर येऊन बसायचा. काम करायचं नाही, नुसतं बघायचं. ह्यांनी चहासाठी ब्रश खाली ठेवला तरी मान वर करून बघायचा, की कोण बोललं थांबायला?

ह्यांना सगळे पेंटर म्हणतात, मीही पेंटरच म्हणते. धंदा शिकले मामाकडे. मामाने पहिलं वर्षभर नुसते डबे धुवायला लावले, दुसऱ्या वर्षी सरळ रेघ मारायला दिली. तिथून पुढे दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, होड्यांची नावं, सगळं केलं. काम संपेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही आणि अर्धं काम टाकून उठायचं नाही, हे त्यांचे दोन नियम. पहिल्या नियमापायी माझे किती डबे वाया गेले ते मलाच ठाऊक. पुढे छापील फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम बसलं. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात फ्लेक्स टिकत नाही, एका मोसमात चिंध्या होतात. म्हणून किनाऱ्यावरचे पत्र्याचे बोर्ड ह्यांच्याकडेच राहिले. पोहू नका, खडकावर चढू नका, आणि कुत्र्यांना मनाई.

हा शेवटचा बोर्ड लक्षात ठेवा. त्यासाठी पेंटरांनी पत्र्यातून एक साचा कापून ठेवला होता. कापताना कात्री निसटली, त्यामुळे त्यातल्या कुत्र्याचा एक कान दुमडलेला होता. साचा ठेवून काळं कुत्रं रंगवायचं आणि त्याच्यावरून लाल तिरपी रेघ ओढायची. पण काळा ओला असताना वरून लाल ओढला की लालाची माती होते. म्हणून त्यांची पद्धत ठरलेली. डबे, शिडी घेऊन निघायचं ते किनारा धरून, एकेका ठिकाणी काळं कुत्रं रंगवत पार टोकाच्या दीपगृहापर्यंत. तिथे मुक्काम करायचा. तोवर सगळे बोर्ड वाळायचे, मग दीपगृहापासून लाल रेघा ओढत घरी यायचं. जाताना काळा, येताना लाल. आमच्या लेकीला बाराखडीच्या आधी हे पाठ झालं होतं.

तर मुकादम म्हातारा झाला. मागचे पाय घसरायला लागले. गुळगुळीत फरशीवर उभा राहिला की मागचा भाग हळूहळू खाली बसायचा, आणि त्याला स्वतःलाच कळायचं नाही की आपण का बसलो. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून बघितले. म्हणाल्या, औषधाने दुखणं कमी होईल, ताकद येणार नाही. ताकद यायची तर ओल्या वाळूत चालवा, पोटापर्यंत पाण्यात उभं करा, आठवड्यातून दोनदा तरी. आणि नाही जमलं तर? मी विचारलं. त्या सरळ बोलल्या. पाय पूर्ण गेले तर एवढ्या मोठ्या कुत्र्याला तसं ठेवणं म्हणजे त्याचे हाल, मग इंजेक्शन देऊन निजवावं लागेल.

घरी येईपर्यंत मी बोलतच होते, कारण गप्प बसले असते तर रडले असते. समुद्र तर आपल्या दाराशी आहे, त्यात अवघड काय, उद्याच जाऊ, असं मी म्हणत होते. अवघड काय ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी जुन्या व्हॅनमध्ये डब्यांशेजारी गोधडी घातली, मुकादमाला उचलून ठेवलं आणि जवळच्या किनाऱ्यावर गेलो. वाळू सुरू होते तिथेच बोर्ड. दुमडलेल्या कानाचं कुत्रं आणि त्यावर लाल रेघ. मी म्हटलं, सकाळची वेळ आहे, चिटपाखरू नाही, चला. पेंटर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मीच लिहायचं आणि मीच ओलांडायचं?" आणि व्हॅन वळवली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय! पुढच्या किनाऱ्यावर तेच, त्याच्या पुढच्यावर तेच. त्या सबंध पट्ट्यातली प्रत्येक मनाई माझ्या नवऱ्याच्या हातची. एके ठिकाणी ते चहा घ्यायला गेले, तेवढ्यात मी मुकादमाला पट्टा धरून खाली नेलं. त्याने ओल्या वाळूत पाय ठेवला, नाक वर केलं, आणि शेपूट हलवलं. मागून पेंटर आले, त्याला दोन्ही हातांत उचललं आणि व्हॅनमध्ये नेऊन ठेवलं. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, कुत्रं मेलं तरी चालेल पण तुमची पाटी जिवंत राहायला हवी, असंच ना? त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगत आले होते. त्या दिवशी त्या कौतुकाचा मला वीट आला.

चहावाल्याने आमचं भांडण ऐकलं असावं. ग्लास परत घ्यायला आला तेव्हा म्हणाला, कुत्र्याला न्यायचं असेल तर दीपगृहाखाली जा, तिथे लांबलांबून लोक कुत्री घेऊन येतात. पेंटर म्हणाले, तिथेही मनाई आहे. चहावाला म्हणाला, छे हो, तसा बोर्डच आहे तिथे, कुत्र्यांना परवानगीचा. पेंटर म्हणाले, असा बोर्ड मी आयुष्यात केलेला नाही. पण व्हॅन त्यांनी तिकडेच काढली.

ह्यांना त्या बाजूला जाऊन वर्षं लोटली होती. लेक तान्ही असतानाच टोकाचा भाग दुसऱ्या सरकारी ऑफिसकडे गेला, आणि तिकडचे रंगारी आहे त्याच चित्रावरून रंगाचा हात मारून मोकळे होत. आम्ही पोचलो तर खाली कुत्र्यांची जत्राच भरली होती म्हणा ना. एक म्हातारे गृहस्थ आंधळ्या कुत्र्याला पाण्याकाठाने नेत होते. दोन काळी कुत्री एकाच काठीसाठी भांडत होती. मला इतका आनंद झाला की मी व्हॅन थांबायच्या आत दार उघडलं. पेंटर बोर्डापाशी गेले आणि तिथेच थांबले.

बोर्डावर काळं कुत्रं होतं, एक कान दुमडलेला. रेघ नव्हती.

"अगं," ते म्हणाले, "ही परवानगी नाही. माझं लाल राहिलंय."

मग त्यांना सगळं आठवलं, आणि त्यांच्या बोलण्यातून मलाही. त्या खेपेला ते नेहमीसारखे काळा संपवून दीपगृहाशी आले होते. शेवटचं कुत्रं वाळायची वाट बघत असताना तिथल्या दुकानात फोन आला, की मला कळा सुरू झाल्यात आणि दवाखान्यात नेलंय. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, हा माणूस काम टाकून उठला. मिळेल त्या ट्रकने आतल्या रस्त्याने घरी आला. लेक झाली. पुढच्या आठवड्यात राहिलेल्या लाल रेघा ओढायला निघाले ते घराकडून, उलट्या बाजूने. दीपगृहाच्या अलीकडच्या किनाऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. कारण डोक्यात पक्कं बसलेलं, लाल नेहमी दीपगृहापासून सुरू होतो. म्हणजे तिथलं झालेलंच.

मी हसायला लागले. हसता हसता बघते तर पेंटर व्हॅनच्या मागच्या दाराशी. लाल डबा काढला होता आणि काठीने ढवळत होते.

माझं हसू तिथेच जिरलं. म्हटलं, काय करताय? म्हणाले, राहिलेलं पुरं करतोय. मी त्यांचा हात धरला. त्यांना ते आंधळं कुत्रं दाखवलं, मुकादम दाखवला. तो गोधडीवरून समुद्राकडे बघत होता. मी त्यांना म्हटलं, एवढी वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, आता ही एक रेघ ओढून कुणाचं भलं करणार आहात? ते म्हणाले, भल्याबुऱ्याचं मी ठरवायचं नसतं, मला सांगितलेलं होतं तेवढं मी करायचं. हे चिडून बोलले नाहीत. माझा हात हळूच बाजूला केला.

तेवढ्यात तिथली जीवरक्षक पोरगी गळ्यातली शिट्टी सावरत आली. काका, बोर्डाला काय करताय, म्हणाली. पेंटरांनी तिला काही न लपवता सांगितलं, की इथे मनाई होती, रेघ माझ्याकडून राहिली, ती आता ओढतो. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. म्हणाली, मी इथे लागले त्याच्या आधीपासून हे असंच आहे. ऑफिसचे साहेब पाहणीला आले होते, त्यांनाही आम्ही सांगितलं की हा किनारा कुत्र्यांचा, आणि ते म्हणाले, मग तसाच राहू दे.

"म्हणजे काका, आता इथला नियम हाच आहे," ती म्हणाली. "तुम्ही रेघ ओढलीत तर तो नवा नियम होईल. तो करायला तुम्हाला कुणी सांगितलंय?"

पोरीने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. ढवळायची काठी डब्यात तशीच उभी. पोरीला काय वाटलं कोण जाणे, मग तिने आपलंच रडगाणं सुरू केलं. म्हणाली, माझं डोकं उठतं ते वेगळ्याच गोष्टीने. लोक कुत्री मोकळी सोडतात, ती लहान मुलांच्या अंगावर धावतात. पट्टा लावा म्हटलं की विचारतात, कुठे लिहिलंय? ऑफिसने पट्ट्याची सक्ती केलीय, पण बोर्डावर ते लिहायला माणूस काही पाठवत नाहीत.

पेंटरांनी बोर्डाकडे बघितलं. मग विचारलं, ऑफिसने सांगितलंय ना नक्की? ती म्हणाली, विचारा हवं तर, आणि फोन लावून दिला. पेंटर थोडं लांब जाऊन बोलले, स्वतःची चूकसुद्धा पुन्हा एकदा सांगितली. पलीकडचे साहेब हसल्याचं मला इथवर ऐकू आलं. परत आले, फडक्याने बोर्डावरचं मीठ पुसलं, श्वास रोखला आणि कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा काढला. पट्ट्यापासून एक बारीक दोरी निघाली ती बोर्डाच्या कडेपर्यंत. मी आयुष्यात त्यांचं पुष्कळ काम बघितलं आहे. एवढ्या सावकाश ओढलेली रेघ नाही बघितली.

मग म्हणाले, रंग वाळेपर्यंत मला इथून हलता येणार नाही, लोक बोटं लावतात. तू ने त्याला.

पाण्याची मला भीती वाटते. लग्नानंतर इतकी वर्षं समुद्राकाठी काढली, पण घोट्याच्या वर कधी गेले नाही. पण मुकादमाला आता कोण नेणार? कपडे वर खोचले आणि उतरले. पहिली लाट आली तसे त्याचे मागचे पाय गेले, आणि मी खाली वाकून त्याच्या पोटाला मिठी मारली. लाट मागे गेली. माझ्या हातांवरचं वजन कमी झालं. बघते तर पाण्याने त्याला उचलून धरलं होतं आणि हा बाबा चारही पायांवर उभा. मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मला रडू आलं, त्यात लपवायचं काय? ज्याच्या नावाने मी वर्षानुवर्षं खडे फोडले, त्याला कवटाळून मी गुडघाभर पाण्यात रडत उभी होते, आणि काठावर नवरा बोर्डाची राखण करत होता.

बाहेर आल्यावर मुकादम थेट पेंटरांकडे गेला आणि बोर्डाच्या अगदी पुढ्यात अंग झाडलं. वाळू उडाली ती ओल्या लाल पट्ट्यावर जाऊन चिकटली. अंगणात एवढंसं चिलट चिकटलं तरी सगळं खरवडून पुन्हा रंगवणारा हा माणूस. मी म्हटलं, आता झालं, आणखी तासभर निघत नाही. त्यांनी वाकून पट्टा बघितला. म्हणाले, राहू दे, आणि डब्याला झाकण लावलं.

एका दिवसात पाय येत नसतात, ते आम्हालाही कळतं. पण आता आठवड्यातून दोनदा जातो. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला ठाऊक होतं, त्यामुळे आवाज चिरका झाला होता. बाबा, मिळाला का एखादा किनारा, तिने विचारलं.

"मिळाला," पेंटर म्हणाले. "तू जन्मलीस त्या दिवशी उघडा ठेवून आलो होतो."

तिला काही कळलं नाही. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ब्रश धुवायला अंगणात गेले. त्यांच्या मागून मुकादम उठायला लागला. मी धरायला पुढे झाले, पण तो वेळ घेत आपला आपण उठला आणि काम नीट होतंय का बघायला बाहेर गेला.