कान तपासणीचा भोंगा

रायपूरजवळच्या आमच्या पोलाद कारखान्याच्या गावात, वैशाली नगरातल्या मराठी मंडळाच्या व्हरांड्यात एक काळा फळा आहे आणि बरीच वर्षं तो माझ्या ताब्यात आहे. ताब्यात कसला, गळ्यात पडला आहे. एका हळदीकुंकवाला कोणीतरी माझं अक्षर बरं आहे म्हणालं, आणि तेव्हापासून दर सोमवारी सकाळी खडू घेऊन मी तिथे हजर. वर ठळक अक्षरात 'आगामी कार्यक्रम', खाली आठवड्याची यादी. शनिवारी मधुमेहावर व्याख्यान. रविवारी मुलांचा बाराखडीचा वर्ग, कारण आमची पोरं उंबरठा ओलांडला की हिंदीत शिरतात आणि मराठी पाटी वाचायची वेळ आली की आईकडे बघतात. सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, कार्यशाळा, येताना आपापलं पोळपाट-लाटणं आणावं. ग्रंथालयाच्या कपाटासाठी खाऊचे स्टॉल. मंडळाचं अख्खं वर्ष माझ्या हातून त्या फळ्यावर उतरलं आणि पुसलंही गेलं.

पुसायचं काम यांचं. हे म्हणजे माझा नवरा. निवृत्त होऊन मरोद्याचं कारखान्याचं क्वार्टर सोडून आम्ही इथे घर घेतलं, तेव्हापासून ओल्या फडक्याने फळा पुसायचा, स्टूल धरायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडायच्या, एवढं यांनी अंगावर घेतलं होतं. खुर्च्या मांडून झाल्या की मात्र हे घरी निघून जायचे. व्याख्यानाला बसायचे नाहीत. का म्हणून विचारलं की म्हणायचे, पंख्याची हवा लागते.

पंख्याची हवा नव्हती, कान होते. यांनी सगळी नोकरी रोलिंग मिलमध्ये काढली. क्रेनखाली उभं राहून वरच्या ड्रायव्हरला हाताने इशारे द्यायचे हे यांचं काम. तिथल्या गडगडाटात माणसाचा आवाज कोणाच्या कामाचा नसतो. बोट वर करून फिरवलं की माल उचल, खाली फिरवलं की उतरव, पंजा आडवा धरला की थांब. कानात घालायची बोंडं मिळायची. ती हे शर्टाच्या खिशात जपून ठेवायचे आणि घरी आणून मला दाखवायचे, बघ किती मऊ आहेत. मी तेव्हा दोन शब्द सुनावायला हवे होते. मी ती शिवणाच्या डब्यात ठेवली.

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत आमच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजाऱ्यांना फुकट ऐकू येऊ लागल्या. नातीचा नागपूरहून फोन आला की हे दोन वेळा "हो, हो" म्हणत आणि फोन माझ्या हातात देत. पोरगी पलीकडून विचारायची, आजोबा माझ्याशी बोलत का नाहीत? मला यांचा राग यायचा, कारण या माणसाला डॉक्टरकडे चला म्हटलं की उलट मलाच ऐकवायचे की तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. सरळ सांगून पटेल तर तो वऱ्हाडातला माणूस कसला, माझी आई म्हणायची. माझी आई भंडाऱ्याची होती, आणि भंडाऱ्याच्या माणसाबद्दलही तिचं मत फार वेगळं नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे मंडळासमोरच्या रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, कडुनिंबाखाली, तिथे मिलमधली निवृत्त मंडळी रोज सकाळी बसतात. हेही बसायचे. एक दिवस जाणं बंद झालं. कारण मला यांच्याकडून नाही, दुसरीकडून कळलं. यांचा क्रेन ड्रायव्हर, ज्याने वीस-बावीस वर्षं वर बसून फक्त यांच्या हाताकडे बघत काम केलं, तो त्या सकाळी सांगत होता की त्याच्या बायकोला दवाखान्यात भरती केलं आहे. हे हसून म्हणाले, "वा, छान झालं." यांना एक शब्द ऐकू आला नव्हता. त्याचा चेहरा पडला, तो उठून गेला, आणि काय बिघडलं हे यांना तिथल्या कोणाला विचारवलं नाही. ती बाई बरी होऊन घरी आली, तिनेच मला हे सांगितलं. मी घरी येऊन यांना समजावलं तर मान फिरवून फळा पुसायचं फडकं शोधायला लागले.

म्हणून खरं सांगते, मंडळाच्या बैठकीत कान तपासणीचं शिबिर भरवू असं मी जेव्हा सुचवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर समाज वगैरे काही नव्हता. एक माणूस होता. शिबिर आपल्याच मंडळात, खुर्च्या मांडायला हे येणारच, मग तपासणीचं मशीन दोन हातांवर असताना बसतील, एवढा माझा डाव. आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी लगेच हो म्हटलं आणि रायपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या यायला तयार झाल्या, तेही काही न घेता. ज्यांना कानात घालायचं मशीन परवडणार नाही त्यांच्यासाठी बायकांनी सांबारवडीचा स्टॉल लावायचं ठरवलं. मला भरून आलं होतं. एवढ्या लोकांना माझ्या मनातलं ठाऊक नव्हतं, आणि तरी सगळे माझ्याच कामाला लागले होते.

मग मी घोळ घातला. मी म्हटलं, फळ्यावर लिहून भागणार नाही, फळा वाचायला लोक इथे यायला हवेत. रिक्षावर भोंगा लावून फिरवू. सगळ्यांनी मान डोलावली. मजकूर मीच लिहिला आणि मीच माझ्या आवाजात भरला, तीन वेळा, घसा खाकरून. रिक्षा तीन दिवस फिरली, मरोद्यापासून वैशाली नगरापर्यंत. मंडळाच्या ग्रुपवरही मी तोच आवाज टाकला, कारण मला टाइप करायचा कंटाळा.

तिसऱ्या दिवशी रिक्षा आमच्या गल्लीतून गेली तेव्हा हे ओसरीत मटार सोलत बसले होते. माझा स्वतःचा आवाज घरावरून जात होता, बंधू-भगिनींनो, आपल्या कानांची काळजी घ्या. यांनी रिक्षा वळताना पाहिली आणि मला विचारलं, "भाजीवाला होता का व? काय घेऊन आला?" मला त्या क्षणी शहाणपण सुचायला हवं होतं. मी कपाळाला हात लावला आणि आत गेले.

शिबिराच्या सकाळी खुर्च्या मांडून तयार होत्या. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या, मशीन लावलं, कानांवर घालायचे ते मोठे टोप पुसून ठेवले. आली कोण? माझ्या भजनाच्या तीन मैत्रिणी, ज्यांना दोन घरं पलीकडची कुजबुज ऐकू येते. जामुलहून बसने आलेला एक तरुण, त्याला खरं तर साखर तपासायची होती. दोन शाळकरी मुली, गंमत म्हणून. अर्ध्या तासात सगळ्यांचे कान ठणठणीत निघाले. मग कोणीच येईना. डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या की असं होतं कधी कधी, काही वाटून घेऊ नका, आणि घड्याळाकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, भोंगा तर सगळीकडे फिरला होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. स्वतःच्या एका माणसासाठी मी रायपूरहून एका बाईंना बोलावलं होतं, आणि तो माणूस खुर्च्या मांडून नेहमीसारखा दाराकडे निघाला होता.

जाता जाता हे फळ्यापाशी थांबले. यादी वाचली. मग रिकाम्या खुर्च्या बघितल्या, आणि माझ्याकडे बघून तळहात उलटा केला, म्हणजे माणसं कुठे? मी बोलले असते तर सगळ्या मंडळाला ऐकू गेलं असतं. मी खडू घेतला आणि यादीच्या खाली लिहिलं, तीन दिवस भोंगा फिरवला होता.

हे वाचत राहिले. आधी खांदे हलले, मग हसू फुटलं, आणि मग हे असे हसले की डोळे पुसायला फळ्याचं ओलं फडकंच घेतलं.

"बहिऱ्यायले तू भोंग्यावर बोलावून राहिली व?"

भजनाच्या मैत्रिणींनी माना खाली घातल्या. मीही हसायला लागले, रडू आलं होतं ते तसंच हसण्यात गेलं. हे थांबले, आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "मलेही नाही आयकू आला."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कबूल केलं. मी खडू खाली ठेवला.

यांनी फडकं माझ्या हातात दिलं आणि फाटकाशी गेले. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली पाच-सहा जण बसले होते, सगळे मिलमधले, सगळ्यांच्या घरी टीव्ही आमच्यासारखाच ओरडत असणार. अध्यक्षांनी हाक मारली, रस्त्यावरच्या ट्रकांत ती कुठे जाते. यांनी हाक मारली नाही. यांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि बोट फिरवलं.

क्रेन ड्रायव्हरने सगळ्यात आधी मान वर केली. वर्षभर त्याने यांच्याकडे पाहिलं नव्हतं. पण तो हात दिसला आणि तो उठून उभा राहिला, मला वाटतं उठायचं की नाही हे त्याने ठरवायच्या आत. यांनी पंजा स्वतःकडे हलवला, हळू ये. तो रस्त्याच्या कडेला आला. ट्रक येत होता, यांनी पंजा आडवा धरला, तो थांबला. ट्रक गेला, पंजा पुन्हा हलला. असा एकेक करून यांनी सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडून आणलं. व्हरांड्यात उभी राहून मी बघत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, आणि माझ्या नवऱ्याचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आत आल्यावर मशीन बघून मंडळी बिथरली. क्रेन ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला, "माहे कान तं बरोबर हायेत." बाकीच्यांचंही तेच. पहिला कोण, यावर सगळे भिंतीकडे बघू लागले.

हे गेले आणि खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की आवाज आला की बोट वर करा, आणि टोप कानांवर चढवला. त्या एकेक बटण दाबत होत्या. यांचं बोट मांडीवर होतं. अजून एक बटण, अजून एक. बोट मांडीवरच. मी पदराचा शेव मुठीत धरला होता. मग बोट उठलं, थोडंसं, मिलमधल्यासारखं नाही, अगदी शंकेने. पुढच्या वेळी जरा वर.

तपासणी झाली, तरी टोप काढायच्या आधी हे वळले आणि क्रेन ड्रायव्हरला म्हणाले, ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं, सगळ्या मंडळाला ऐकू जाईल असं:

"त्या दिवशी तू वहिनीचं सांगून राहिला होता. मले आयकूच नाही आलं गड्या."

तो म्हणाला, "काय?"

यांनी परत सांगितलं, त्याहून मोठ्याने. त्याला कळलं. त्याने पंजा आडवा धरला, थांब, झालं. आणि टोपासाठी हात पुढे केला.

त्या दुपारी सगळे कान तपासले गेले. डॉक्टरीणबाईंची परतीची गाडी चुकली, त्या म्हणाल्या, पुढची पकडीन, आणि सांबारवडी खाऊन गेल्या. मी त्यांचे आभार मानायला गेले ते आणखी चार वड्यांची पुडी घेऊन. त्यांनी माझा हात दाबला. त्यांचं नाव मी रोज दिवा लावताना घेते, इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. स्टॉलच्या पैशांतून दोघांची कानाची मशीनं झाली. क्रेन ड्रायव्हर आता व्याख्यानाला पहिल्या रांगेत यांच्या शेजारी बसतो, आणि वक्ता लांबला की दोघं बसल्या जागी उतरव, उतरव असे इशारे करतात. मी मागून बघते आणि मला रागावता येत नाही.

यांचं मशीन आलं त्या दिवशी पहिला फोन नातीचाच होणार असं मी धरून चालले होते. ती शाळेत होती. संध्याकाळपर्यंत वेळ होता. हे ओसरीत बसून फोन चाळत होते, मी आत कणीक मळत होते. मंडळाच्या ग्रुपमध्ये जाऊन यांनी जुनं काहीतरी लावलं, आणि माझाच आवाज घरात आला, बंधू-भगिनींनो, आपल्या कानांची काळजी घ्या.

संपेपर्यंत यांनी ऐकलं.

"अवं," आतल्या खोलीकडे बघून हे म्हणाले, "तो भाजीवाला नव्हता. ते तं तू होती."

मी पिठाच्या हातांनी दारात आले. यांनी मान खाली घातली होती आणि हे तोच आवाज परत लावत होते.