ताईच्या चार कोंबड्या

आमच्या गल्लीतल्या सोफेवाल्याशी बोलायचं तर आधी त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. तोंडात खिळे असले तर उत्तराची आशा सोडायची. कापड ताणून ठोकताना बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक जिभेने पुढे सरकवायचा, ही त्या धंद्यातली रीतच आहे. पण या गृहस्थाने त्या रीतीचा फारच सोयीने वापर केला. बायकोने गळक्या नळाचा विषय काढला की खिळे तोंडात. गिऱ्हाईकाने सोफा कधी देणार म्हणून विचारलं की मूठभर तोंडात. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही याच्या तोंडात खिळेच होते म्हणे. म्हणून तर लग्न झालं, असं त्याची बायको सांगते.

एकाच माणसासमोर तो खिळे काढून तळहातावर घ्यायचा. ती त्याची थोरली बहीण.

ताई शेजारच्याच घरात राहायची. दोन परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. याच्या कोंबड्या इकडे, तिच्या तिकडे, आणि हद्द एवढी पक्की की चुकून एखादी पलीकडे गेलीच तर शेपटीची दोन पिसं तिथेच ठेवून परत येई. रोज दिवस मावळताना बहीण-भाऊ आपापलं खुराडं लावायला बाहेर यायचे आणि भिंतीवर कोपरं टेकून भांडायचे. विषय कुठलाही चाले. लहानपणी खोटं खोटं आजारी कोण पडायचं, वडिलांची खुर्ची कोणाकडे जायला हवी होती, कोणाची अंडी मोठी. मी माझ्या माडीच्या खिडकीत बसून सगळं ऐकायचो. मुद्दाम नाही हो. खिडकीच तिथे आहे, त्याला मी काय करणार.

नवरा गेल्यावर ताई बरीच वर्षं एकटी होती. गेल्या वर्षी मुलगा तिला आपल्याकडे घेऊन गेला. लांबचं शहर, उंच इमारत, कठड्यावर कबूतर बसलं तरी तक्रार होते असा कारभार. तिथे कोंबड्या कुठून नेणार? घर भाड्याने दिलं, तिचं खुराडं मोडलं, आणि निघताना तिने आपल्या चार कोंबड्या टोपलीत घालून भावाच्या हवाली केल्या.

"एकदम जुन्यांत सोडू नकोस," ती म्हणाली. "टोचून टोचून रक्त काढतील. मध्ये जाळी लाव. एकमेकींना बघून बघून सवय होईल, मग काढ. आणि नाहीच जमलं तर सांग, मी येते."

बाकीचं सगळं त्याने कानाआड केलं असेल. 'मी येते' तेवढं गाठीला बांधलं.

जाळी लागली. एका मोडक्या सोफ्याच्या सांगाड्यात ताईच्या कोंबड्यांची झोपायची सोय झाली. पहिले काही दिवस परसात नुसता कालवा. सोफेवाल्याची एक थोराड तांबडी कोंबडी आहे, तिला आम्ही मुकादमीण म्हणतो. ती मान फुगवून जाळीपाशी येरझाऱ्या घालायची आणि ताईची ठिपकी पलीकडून तोडीस तोड उत्तर द्यायची. संध्याकाळी ताईचा फोन आला की हा खिळे काढून सगळा वृत्तांत द्यायचा. हातोडीपायी कान कामातून गेलेले, त्यामुळे फोनचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. मला तर खिडकीत नीट बसूनसुद्धा ऐकू यायचा.

पुढे कोंबड्या निवळल्या. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच खळग्यात माती उडवायला लागल्या. दुपारी मुकादमीण जाळीला पाठ लावून डुलक्या काढायची आणि पलीकडून ठिपकी तिला टेकलेली असायची. सगळ्या गल्लीने हे पाहिलं. सोफेवाल्याने तेवढं पाहिलं नाही. संध्याकाळी फोनवर त्याचं आपलं ठरलेलं, "नाही गं ताई, अजून नाही जमत. मुकादमीण फार डूख धरून आहे."

त्या जाळीने त्याच्या बायकोच्या दोरीची जागा खाल्ली होती. मग तिने ओल्या चादरी सरळ जाळीवरच टाकायला सुरुवात केली. एकदा मला म्हणाली, "काका, कोंबड्यांचं जमलंय. यांचंच जमत नाहीये."

एका संध्याकाळी ताई म्हणाली, फोन जरा कोंबड्यांपाशी धर, ऐकू दे मला. झाली का पंचाईत! परसात अशी शांतता की बोलायची सोय नाही. मग या भल्या माणसाने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हाताने जाळी गदागदा हलवली आणि पायाने पत्र्याचा डबा उडवला. कोंबड्यांनी जो काही ओरडा केला म्हणता! मी खिडकीतून पडायचाच बाकी होतो. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण रंगात आला गडी. ठिपकीच्या तुऱ्यातून रक्त आलंय, असं ठोकून दिलं.

ताई म्हणाली, "देऊन टाक त्यांना. गिरणीमागच्या बाईकडे जागा आहे, ती सांभाळेल. माझे गुडघे हे असे, तुझ्या भाच्याला सुट्टी नाही. मला यायला कुठलं जमतंय? मुक्या जिवांचे हाल नकोत."

खुर्चीसाठी इतकी वर्षं भांडलेला हा माणूस. तोंडात एकही खिळा नव्हता, तरी नुसतं 'बरं' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जाळी काढली. मी खास चहा घेऊन खिडकीत बसलो होतो, पण बघण्यासारखं काही घडलंच नाही. मुकादमिणीने रीत म्हणून ठिपकीला एक चोच मारली आणि सगळ्या मिळून दाणे टिपायला लागल्या. दिवसभर सोफेवाल्याच्या तोंडात खिळे होते आणि हातातलं काम होतं तिथेच होतं. आता ताईला सांगायचं तरी काय? जमलं म्हणावं तर तिच्या येण्याचा उरलासुरला धागाही तुटला. नाही म्हणावं तर कोंबड्या चालल्या गिरणीमागे.

दिवस मावळला. तो खुराडं लावायला गेला. त्याच्या कोंबड्या आपापल्या दांड्यावर चढल्या. ताईच्या चौघी काही चढेनात. त्या परसाच्या टोकाला गेल्या, एकेक करून भिंतीवर उडाल्या आणि पलीकडे उतरल्या. इतके दिवस जाळीत कोंडलेल्या, मोकळी अशी ही पहिलीच संध्याकाळ. ताईचं खुराडं होतं त्या जागी भाडेकरू आता गाडी लावतो. त्या गाडीसमोर चौघी ओळीने उभ्या राहिल्या. कुणीतरी येऊन दार उघडेल, अशा.

सोफेवाला या वयात भिंत चढून गेला आणि गाडीखाली शिरलेल्या एकेकीला त्याने पालथं पडून बाहेर काढलं. शेवटची ठिपकी काखेत होती तेवढ्यात फोन वाजला. त्याने खिळे तळहातावर काढले.

"जमलं त्यांचं, ताई. कधीचंच जमलंय. मी खोटं सांगत होतो."

"इतक्या लवकर जमलं?" ताई म्हणाली. आवाजात आनंद म्हणावा असं काही मला ऐकू आलं नाही.

"दिवसभर बऱ्या असतात," तो म्हणाला. "संध्याकाळी मात्र घरी जातात. तुझ्या."

पलीकडून नुसता त्या शहराचा आवाज येत राहिला, गाड्यांचा. मग ताई म्हणाली, "मी पण दिवसभर बरी असते."

त्या दिवशी दोघं भांडली नाहीत. मी वाट बघून बघून खिडकी लावून घेतली.

ताई अजून आलेली नाही. कोंबड्या अजून रोज जातात. भाडेकरू बिचारा आता गाडी थोडी मागे लावतो. तसा उपाय सोपा आहे, कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेला. एका पंखाची टोकाची पिसं कातरायची, नखं काढावीत तशी. कोंबडीला दुखत नाही आणि तिला भिंत ओलांडता येत नाही. हळूहळू नव्या खुराड्याचीच सवय होते. आणि कात्री म्हणाल, तर सोफेवाल्याच्या कात्रीसारखी धारेची कात्री गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नाही.

परवा मी न राहवून त्याला विचारलंच, का रे बाबा, एवढी कात्री आहे घरात, मग रोज या भिंतीवर कसरत कशाला?

त्याने माझ्याकडे पाहिलं, डबीत हात घातला आणि मूठभर खिळे तोंडात टाकले.