जुलैमधली शाल

चँडलर, जुलैमधला दुसरा शनिवार

संपादक मंडळाची प्रथम क्षमा मागते. कुमुदताई बोकारे यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लेख देण्याचे मी संक्रांतीलाच कबूल केले होते. त्यानंतर तुमच्याकडून स्मरणपत्रे येत राहिली आणि मी गप्प राहिले. त्यात थोडा आळस होताच, नाही म्हणत नाही. पण ज्या घराविषयी मला लिहायचे होते त्या घराने अजून ॲरिझोनाचा जुलै पाहिला नव्हता. मार्चमध्ये इथे कुठलेही घर चांगलेच वाटते. ताईंचे कौतुक करायचे तर ते त्यांच्या कसोटीला उतरले पाहिजे, म्हणून थांबले. आता जुलै आला आहे.

ताईंची पहिली ओळख आमच्याच घरी झाली. आम्ही पुण्याहून येऊन इथल्या चिप कारखान्यात स्थिरावलो, घर घेतले आणि वास्तुशांतीऐवजी सत्यनारायणावर भागवले. पूजा झाली, प्रसाद वाटणे सुरू झाले, आणि इथल्या मराठी मंडळातल्या एक अनोळखी बाई देवापुढची उदबत्ती उचलून भिंतीतल्या प्लगपाशी जाऊन उभ्या राहिल्या. माझा नवरा मंदार माझ्या कानात म्हणाला, "यार, या मावशी स्विचबोर्डला ओवाळतायत!"

धूर सरळ वर जात नव्हता. प्लगपासून खोलीच्या दिशेने वाकत होता.

"इकडे ये गं," ताईंनी मला बोलावले. "बघ, बाहेरची हवा इथून आत येऊन राहिली. भिंत आतून भरलीच नाही बिल्डरनं. वॉरंटी आहे ना? मग उद्याच बोलाव त्याला." एवढे सांगून त्यांनी उदबत्ती परत देवापुढे खोचली, हात जोडले आणि शिरा मागून घेतला. बिल्डर आला, भिंत उघडली, आत खरोखरच काही नव्हते.

नागपूरला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या कुमुदताई लग्नानंतर इथे आल्या आणि निवृत्त होईपर्यंत सरकारच्या घर-बंदिस्तीच्या योजनेत ऊर्जा-तपासनीस होत्या. योजना साधी आहे. ज्या कुटुंबांना विजेचे बिल परवडत नाही, त्यांच्या घरांच्या फटी सरकारी खर्चाने बुजवायच्या, छतात आणि भिंतींत इन्सुलेशन भरायचे, यंत्रे दुरुस्त करायची. थंड राज्यांत ही योजना हीटरसाठी ओळखली जाते. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. इथे घरात एसी असतो, पण बिलाच्या धास्तीने माणूस तो लावत नाही, आणि चाळणीसारख्या घरात लावला तरी गारवा टिकत नाही. उन्हाळ्यात यापायी माणसे दगावतात. ताई एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या नागपूरला सगळेच तापतात गं, म्हणून बोलता तरी येतं. इथे शेजारचं घर गार असतं, आणि तापलेल्या घरातला माणूस लाजेनं दार लावून बसतो."

म्हणूनच असेल, ताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी यंत्र उघडत नाहीत. बसतात, पाणी मागतात आणि विचारतात, "तुम्ही दुपारी कुठल्या खोलीत बसता?" या एका प्रश्नातून त्यांना हवे ते सगळे कळते, आणि समोरच्याला 'मला परवडत नाही' हे वाक्य उच्चारावे लागत नाही. मंडळातल्या एका तरुणाने त्यांच्यासमोर "गरीब लोकांची घरं" असा शब्द वापरला, तेव्हा ताई हसून म्हणाल्या, "घर गळकं आहे म्हण बाबा. माणसाला कशाला नाव ठेवतो?"

आता एलेनबाईंविषयी. आमच्या गावाच्या कडेला जुन्या मोबाइल होम्सची, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या घरांची, वस्ती आहे. तिथे ऐंशीच्या घरातल्या या बाई एकट्या राहतात. गेल्या उन्हाळ्यात त्या फक्त झोपायच्या खोलीत, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून, दिवस काढत होत्या. बाकीचे घर त्यांनी उन्हाला देऊन टाकले होते. योजनेत त्यांचा अर्ज मंजूर झाला, तपासनीस आला, आणि काम स्थगित करून गेला. छतावरचा जुना पाण्याचा कूलर वर्षानुवर्षे झिरपून छत कुजले होते, आणि गळक्या छतात इन्सुलेशन भरायचे नाही असा नियम आहे. छत दुरुस्त करून घ्या, मग या, असे बाईंना सांगण्यात आले. छत दुरुस्त करण्याची ऐपत असती तर त्यांनी अर्ज केलाच नसता.

मी संतापून ताईंना फोन केला. वाटले, त्याही चिडतील.

"नियम बरोबर आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ओल्या गादीवर रजई घातली तर गादी सुकते का? आतून बुरशी धरते."

"मग बाईंनी काय करायचं, ताई? अजून एक उन्हाळा त्या खोलीत?"

"सरकार वाईट नसतं गं. त्याला फक्त शिडी चढता येत नाही. आपल्याला येते ना?"

मग हिवाळ्यातल्या शनिवारी मंडळाची माणसे एलेनबाईंच्या छतावर दिसू लागली. एरवी धूळविरहित खोलीत पांढरे डगले घालून चिप बनवणारे इंजिनिअर तिथे कुजलेल्या फळ्या उपसत होते. गुडघ्यांमुळे ताईंना छतावर चढायची मनाई होती. त्या खाली शाल पांघरून खुर्ची टाकून बसत आणि तिथून ओरडत, "मंदार, डावीकडचा खिळा वाकडा जातोय!" कूलर उतरवताना मात्र त्या उठून उभ्या राहिल्या. नागपूरच्या माणसाला कूलरची माया असतेच. "चांगली सेवा केली रे त्यानं," म्हणाल्या. कूलरच्या जागचे भोक बुजले, छताला पांढरा लेप बसला. मग योजनेचा ठेकेदार आला आणि त्याने इन्सुलेशन भरले.

मे महिन्यात शेवटची तपासणी होती. तपासनीस रॉन हे ताईंच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी पुढच्या दारात मोठा पंखा बसवला. तो घरातली हवा बाहेर ओढतो आणि फटींतून किती हवा आत येते ते मोजतो. आकडा उतरला नाही तर काम पुन्हा ठेकेदाराच्या रांगेत, म्हणजे बाईंचा उन्हाळा गेला. आम्ही सगळे पोहे घेऊन बघायला गेलो होतो.

पंखा सुरू झाला. रॉननी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि मान हलवली. "कुमुद, हे आधीपेक्षा फार सुधारलेलं दिसत नाही."

एलेनबाई उठल्या आणि त्यांनी झोपायच्या खोलीच्या दारातला टॉवेल सरळ केला. ते मला बघवले नाही.

ताईंनी पर्समधून उदबत्ती काढली. खिडक्या झाल्या, प्लग झाले, छताचे कोपरे झाले. धूर कुठेच हलेना. शेवटी त्या मागच्या दाराकडे वळल्या आणि धूर असा आडवा झाला की उदबत्ती विझायची वेळ आली. दार लोटलेले होते, पण लागलेले नव्हते. आम्ही सगळ्यांनी, अमेरिकेत इतकी वर्षे राहूनही, शिस्तीने मागच्या दाराशी चपला-बूट काढले होते, आणि त्या ढिगातली एक चप्पल चौकटीत अडकली होती. पंखा दार आत ओढत होता, चप्पल ते लागू देत नव्हती.

"कोणाची ही?" ताईंनी ती उचलून धरली.

"माझी," मंदार म्हणाला.

"स्विचबोर्डला ओवाळते म्हणाला होतास ना? आता चपलेला ओवाळू का?" इतकी वर्षे हे त्यांनी ऐकलेले आहे, याचा आम्हाला पत्ताच नव्हता.

दार लागले. आकडा असा उतरला की रॉननी सही करण्याआधी टाळी वाजवली. पोहे त्यांनी दोनदा घेतले.

इथवरचे मी मेमध्येच लिहू शकले असते. पण आकडा आणि उन्हाळा या दोन गोष्टी आहेत, हे ताईंनीच शिकवले. म्हणून काल भर दुपारी, न कळवता, एलेनबाईंकडे गेले. बाहेर गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. बाई बैठकीच्या खोलीत कोडे सोडवत बसल्या होत्या. झोपायच्या खोलीचे दार सताड उघडे होते, आणि तो टॉवेल न्हाणीघरात, टॉवेलच्या जागी, टांगलेला होता.

"घर ठीक आहे ना?" मी विचारले.

"एकच तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "इथे बसलं की खांद्यांना गार लागतं. कुमुद हिवाळ्यात घेतात तसं काही मिळेल का?"

"मग थर्मोस्टॅट थोडा वर करा ना!"

"का म्हणून?" बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिले. "जुलैत मला गार वाटतंय. जरा वाटू दे की."

सत्कार समितीला आठवत असेल, शाल-श्रीफळाचा विषय निघाला तेव्हा ताईंनी तुम्हाला उडवून लावले होते: "या दिवसांत शाल? सत्कार करताय की मला उकडून काढताय?" काल संध्याकाळी मी त्यांना एलेनबाईंची तक्रार सांगितली. आधी त्यांच्यातला तपासनीस बोलला, "तिला थर्मोस्टॅट वर करायला सांग." मग फोनवर बराच वेळ नुसते हसू. मग म्हणाल्या, "असू दे. हा एक उन्हाळा असू दे. आणि समितीला सांग, शाल चालेल मला. स्टेजवर माझ्या खांद्यावर, खाली उतरले की तिच्या."

मी या लेखात कुठे वाढवून लिहिले आहे का, हे पुन्हा वाचून तपासले. एक वाक्य खोडले. बाकी राहू दिले. कुमुदताईंचे गुडघे दुखू नयेत, दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो आणि त्यांच्या पर्समधली उदबत्ती कधी संपू नये. शंभरीच्या ग्रंथासाठी मी लेख वेळेवर देईन. ताईंनी तोवर आमच्यावर खालून ओरडत राहावे, एवढीच प्रार्थना.

उद्या: एलेनबाईंना रंग विचारून शाल आणणे.