फळ्यांना सांगितलेले सामने

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर केस कापायची दोन दुकानं आहेत. पूर्वी ते एकच होतं. वडील होते तोवर एक दार, एक पाटी आणि दोन खुर्च्या, एकीवर थोरला मुलगा आणि दुसरीवर धाकटा. आता मधोमध लाकडी फळ्यांची भिंत आहे आणि दारं दोन. गिऱ्हाइकं अजून 'थोरल्याकडे जातो', 'धाकट्याकडे जातो' असंच म्हणतात. धाकट्याच्या डोक्यावर आता औषधालासुद्धा काळा केस नाही, पण धाकटा तो धाकटाच राहिला.

फळ्या ठोकल्या त्या आठवड्यात माझी दाढी वाढली होती आणि धाकट्याची खुर्ची रिकामी दिसली, म्हणून बसलो. मग पलीकडे जायची भीड पडली. मी पोस्टात शिक्के मारायचो, पण धाकटा मला पोस्टमास्तर म्हणतो. सुरुवातीला मी दुरुस्ती केली होती. तो म्हणाला, खुर्चीत बसलं की बढती मिळते. त्यानंतर मी दुरुस्तीचा नाद सोडला.

दोघा भावांचं भांडण झालं, असं लोक सांगतात, पण भांडण असं झालंच नव्हतं. आई धाकट्याकडे असायची. ती फार आजारी झाली, त्या रात्री धाकट्याला वाटलं की सकाळपर्यंत काही होत नाही, दादाची झोप कशाला मोडा. सकाळी निरोप गेला तेव्हा आई गेलेली होती. थोरला आला, आईच्या पायांशी बसला, उठून गेला. काही दिवसांनी त्याने सुतार बोलावला.

मैदान मात्र या सगळ्यातून सुटलं होतं. आमच्या गावचा फुटबॉल क्लब जुना आहे. वडील दोघांना लहानपणापासून सामन्याला न्यायचे आणि तिसऱ्या पायरीवर, दिव्याच्या खांबापाशी उभं करायचे. ती जागा दोघांनी सोडली नाही. फळ्या आल्यानंतरही रविवारी थोरला बाजाराच्या रस्त्याने यायचा, धाकटा कालव्याकडून, आणि दोघे खांबापाशी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. आणि बोलायचे. खेळाबद्दलच फक्त, पण भरपूर. धाकट्याने म्हणावं, दादा, आपला गोलकीपर आज घाबरलाय. थोरल्याने म्हणावं, घाबरला नाही, त्याला ऊन लागतंय डोळ्यावर, तुला कधी कळणार. शेवटची शिट्टी झाली की एक बाजाराकडे आणि एक कालव्याकडे. धाकट्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. गिऱ्हाइकांशी तो दिवसभर बोलतो, पण ते बोलणं म्हणजे कात्री चालू ठेवण्यापुरतं. मला एकदा त्याने सांगितलं की त्याला 'तुला कधी कळणार' असं म्हणणारं आता जगात एकच माणूस आहे.

मग क्लब घसरला. वरच्या गटातून खालच्या विभागीय गटात गेला. शेवटच्या सामन्यात बरोबरी हवी होती, तीही साधली नाही. लोक चिडून घरी गेले. थोरला खांबापाशी उभा राहिला आणि समोर बघत म्हणाला, हे वर येईपर्यंत मी मैदानात पाऊल टाकणार नाही. असं पुष्कळांनी म्हटलं असेल, पण थोरल्याने एकदा तंबाखू सोडतो म्हटलं तर ती सुटली होती. धाकट्याला तिथल्या तिथे कळलं की हा आता यायचा नाही. बाकीच्यांना क्लब वर यायला हवा होता तो गावाच्या नावासाठी. धाकट्याला भाऊ परत हवा होता, आणि त्याला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

खालचा गट म्हणजे काय, हे मला त्याच्याकडूनच कळलं. समोरचे संघ म्हणजे वीटभट्टीचे कामगार, बस डेपोचे मेकॅनिक, कुठल्याशा कॉलेजची मुलं. गोलला जाळी कधी असते, कधी नसते. चेंडू कालव्यात गेला की खेळ थांबतो आणि सगळे काठावर उभे राहून तो कुठे लागतो ते बघतात. आमचे चांगले खेळाडू सोडून गेले होते. पायऱ्यांवर माणसं इतकी विरळ की खोकला आला तरी कोण खोकलं ते सगळ्यांना कळावं.

तरी धाकटा दर रविवारी जायचा आणि सोमवारी मला सामना सांगायचा. मला म्हणजे, चेहरा माझा असायचा. गालाला फेस लावायचा, वस्तरा हातात घ्यायचा आणि माझ्या डोक्यावरून फळ्यांकडे बघत मोठ्याने सुरू करायचा. मी हूं म्हटलं काय, नाही म्हटलं काय, त्याला फरक पडत नसे. पहिल्या काही सोमवारी मला वाटलं, याला कमी ऐकू यायला लागलंय, म्हणून ओरडतो. मग माझ्या लक्षात आलं की सामना ऐन रंगात आला की पलीकडची कात्री थांबते. धाकटा तेव्हा मुद्दाम वस्तरा पुसत बसायचा. कात्री थांबलेलीच राहायची. तो पुढचं सांगायचा, आणि गोल झाला किंवा हुकला की पलीकडे पुन्हा कचकच सुरू. त्या क्षणी धाकट्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला आरशात दिसायचं, आणि मी डोळे मिटून घ्यायचो. दुसऱ्याचं पत्र उघडं दिसलं तर आम्ही पोस्टात तसंच करायचो.

एका रविवारी मीच म्हटलं, येऊ का तुमच्याबरोबर. मला फुटबॉलातलं काही कळत नाही आणि उभं राहून कंबर धरते, पण तो एकटा जातो हे मनात राहिलं होतं. आम्ही तिसऱ्या पायरीवर गेलो. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो तर त्याने माझा दंड धरून मला एक माणूस मावेल इतकं पलीकडे सरकवलं. तसे आम्ही उभे राहिलो, मधे जागा सोडून, सगळ्या पायऱ्या मोकळ्या असताना. समोरच्या बाजूने बघणाऱ्याला वाटलं असेल की आमचंच भांडण आहे.

पहिली दोन वर्षं क्लब मधेच लोंबकळत राहिला. तिसऱ्या वर्षी काय झालं कोण जाणे, संघ जिंकायला लागला. धाकट्याचा आवाज सोमवारी वाढत गेला. थोरल्याच्या गिऱ्हाइकांनी मला सांगितलं की पलीकडे थोरल्याने रेडिओ लावणं बंद केलंय. शेवटच्या सामन्याला गणित सरळ होतं. डेपोच्या मेकॅनिकांना हरवलं की वर, नाहीतर आहे तिथेच. त्या रविवारी धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला. खांबाजवळची पायरी त्याने रुमालाने झटकली.

आम्ही हरलो. एक गोल त्यांचा झाला, आणि शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली ती गोलकीपरच्या अंगावर मारली. परत येताना कालव्याच्या पुलावर धाकटा मला म्हणाला, पोस्टमास्तर, उद्या तुम्ही या हं. मला वाटलं, तो उद्या काहीतरी बदलून सांगणार. बदलून सांगितलं तरी काय उपयोग होता, सगळ्या गावाला निकाल माहीत होता.

सोमवारी गेलो. त्याने फेस लावला आणि सगळं जसं झालं तसं सांगितलं. आवाज मोठा होता, पण ओरडणं नव्हतं. पलीकडची कात्री सुरुवातीलाच थांबली. पेनल्टी हुकली असं म्हणून तो थांबला. सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं. फेस माझ्या गालावर वाळायला लागला.

तेव्हा फळ्यांच्या पलीकडून आवाज आला. "पेनल्टी कुणी मारली?"

तीन वर्षांत पहिल्यांदा. धाकट्याने वस्तरा खाली ठेवला आणि तो भिंतीकडे वळला.

"डावीकडच्या त्या उंच पोराने. कॅप्टनने मारायला हवी होती, दादा."

"उंच पोराला कशाला दिली? तूच सांगतोस ना, तो पाय उचलायच्या आधी खांदा पाडतो. आंधळ्यालाही कळेल कुठे मारणार ते."

"मी तेच म्हणत होतो."

"तू काय म्हणणार. तुला कधी कळणार."

धाकटा हसला. मी त्याला इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. इथेच तो थांबता तर बरं झालं असतं. पण ज्याने तीन वर्षं वाट पाहिली त्याला कोण थांबवणार. तो फळ्यांच्या अगदी जवळ गेला, एक तळवा लाकडावर ठेवला आणि म्हणाला, "दादा, त्या रात्री मला खरंच वाटलं, सकाळपर्यंत—"

पलीकडे खुर्ची सरकली. थोरल्याने गिऱ्हाइकाला काहीतरी हळू सांगितलं, गिऱ्हाईक अर्धवट कापलेल्या केसांनिशी रस्त्यावर आलं, आणि दाराची कडी लागली. त्या दिवशी थोरल्याचं दुकान दुपारपर्यंत उघडलं नाही. खेळ सोडून दुसरं बोलायचं नाही हे त्यांच्यात कुणी ठरवलं नव्हतं, पण तेवढ्या एकाच गोष्टीवर ते उभे होते, आणि धाकट्याने तीच मोडली. त्याने माझी दाढी पुरी केली. मानेला दोन ठिकाणी कापलं. तुरटी लावताना तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, चुकलं माझं. मी म्हटलं, काही नाही, थोडंसं रक्त आहे. तो कशाबद्दल म्हणत होता ते मला कळत होतं.

मग सामने नसलेले महिने आले. सोमवारी सांगायला काहीच नसे. पलीकडे पुन्हा रेडिओ लागायला लागला. धाकटा खाली मान घालून माझी दाढी करायचा आणि मला आरशात बघायचं तरी कुठे ते कळायचं नाही.

नवा हंगाम सुरू झाला, त्या पहिल्या रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तो येऊ नका म्हणाला, म्हणून गेलो. पायऱ्यांवर आम्ही, चारदोन म्हातारे आणि एक कुत्रं. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला तेव्हा बाजाराच्या बाजूने एक बाई आली, हातात छत्री, पायांत घरातल्या चपला. ती सावकाश पायऱ्या चढली आणि खांबापाशी, मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. थोरल्याची बायको.

ती धाकट्याला म्हणाली, "भावजी, त्यांनी पाठवलंय. म्हणाले, जा, बघून ये आणि मला सांग."

"दुकानात ऐकू येतं की त्याला."

"आता तिकडून ऐकायचं नाही म्हणतात." ती मैदानाकडे बघत म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही हो. आपले कुठले?"

मला आधी वाटलं, हा तर सरळ अपमान आहे. धाकट्यालाही तसंच वाटलं असणार, कारण त्याचा चेहरा पडला. पण वहिनी तिथे उभी होती, आणि तिला काहीतरी घरी न्यायचं होतं. त्याने तिला आपले कुठले ते दाखवलं. मग एकेकाची नावं सांगितली, कोण कुठे खेळतो ते सांगितलं, चेंडू बाहेर गेला की कुणाचा ते सांगितलं. घसा बसेपर्यंत बोलला. ती शाळेतल्यासारखं पुटपुटत पाठ करत होती. मधेच तिने विचारलं, एवढ्या सगळ्यांना एकच चेंडू का देतात, आणि कडेचे म्हातारे हसले. आमचा एक गोल झाला, त्यांचे दोन झाले.

निघताना तिने विचारलं, "मग मी त्यांना काय सांगू?"

मी धाकट्याकडे पाहिलं. आईबद्दल, मागच्या त्या सोमवारबद्दल, काहीही पाठवायची संधी होती. तो म्हणाला, "दोन-एक हरलो म्हणावं. खेळ वाईट नव्हता."

"आणि आपला गोल त्या उजवीकडच्या बुटक्याने केला," ती म्हणाली.

तो गोल डावीकडच्या उंच मुलाने केला होता. मी सांगायला तोंड उघडलं, तर धाकट्याने माझा दंड दाबला. ती बाजाराच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तेव्हा तो म्हणाला, असू दे, दादाला ते पटणार नाही, तो बुटका मारूच शकत नाही तिथून. विचारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

सोमवारी मी जरा लवकरच गेलो. धाकट्याने फळ्यांकडे बघून एक शब्दही काढला नाही. त्याने माझी दाढी इतकी सावकाश केली की गालावर दोनदा फेस लावावा लागला. दारावरून माणसं जात होती. प्रत्येक पावलाला त्याचा हात थबकायचा. पलीकडे रेडिओ नव्हता, पण कात्री चालू होती, आणि कुणी आलं नाही. शेवटी त्याने माझ्या अंगावरचं कापड काढून झटकलं. बाकावर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

केस मी आधीच्याच आठवड्यात कापून घेतले होते. मी खुर्चीतून उठलो नाही. म्हटलं, आलोच आहे तर केसही कापून टाका. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, तिथे कापण्यासारखं काहीच नव्हतं, आणि कापड पुन्हा माझ्या गळ्याभोवती बांधलं.