एक चमचा तेल

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तीनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं वजन सात आठवडे शहाऐंशीवर अडलं होतं. आधी त्र्याण्णववरून कशा झरझर खाली आल्या होत्या, सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. मग काटा जो रुसून बसला तो बसलाच. गुडघ्याच्या डॉक्टरांनी तर स्पष्ट बजावलं होतं, ऐंशीच्या आत या, मगच ऑपरेशनचं बोलू. गुडघा बदलला नाही तर शेगडीपुढे उभं राहणं संपलं, आणि उभं राहणं संपलं की नोकरी संपली.

बरं, बाई आळशी म्हणावी तर तसंही नाही. सकाळी दुखरा पाय ओढत मैदानाला चार फेऱ्या, संध्याकाळी खुर्चीत बसून पायांचे व्यायाम. साखर बंद, तळलेलं बंद. कामावर दुपारच्या डब्यात दोन काकड्या आणि वाटीभर दही, रात्री सुनेने केलेली बेताच्या तेलातली भाजी. सुनेने एक वही करून दिली होती, तोंडात जाईल ते लिहायचं. मावशी इमानदारीत लिहीत. त्या वहीतल्या खाण्याने एखाद्या चिमणीचंही पोट भरलं नसतं.

मग अशा वेळी माणूस काय करतो? दुसऱ्याकडे बोट दाखवतो. लेक-जावई जेवायला आले होते, आणि भरल्या ताटांवर मावशींनी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाल्या, "माझ्या भाजीत कुणीतरी तेल ओततंय. मी धडधाकट झालेली नकोय घरात काहीजणींना."

वाढता वाढता सुनेचा हात थांबला. मुलगा ताटात बघत राहिला. लेकीने आईची री ओढली, "तरीच म्हटलं, आई एवढं करते आणि फरक कसा नाही!" सुनेने उरलेली भाजी वाढली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने एक नेम धरला. फोडणीआधी तेलाचा चमचा घेऊन मावशींच्या खुर्चीपुढे यायचं आणि दाखवायचं. "आई, बघा. एक चमचा." मावशी मान हलवायच्या आणि मनात म्हणायच्या, आली ताळ्यावर. महिनाभर हे चाललं. काटा काही हलला नाही, पण मावशींच्या मनात स्वतःबद्दल शंका म्हणून आली नाही.

वजन हलेना म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांत पोटाची सोनोग्राफी निघाली. दुपारी तीनची वेळ, तोवर पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. तेव्हा त्या दिवशी चव बघायचं काम मावशींनी मदतनीस बाईकडे दिलं. ही बाई इतकी सडपातळ, की सगळं कॅन्टीन तिला काडी म्हणे.

चव बघायची मावशींची रीत ठरलेली होती. प्रत्येक पातेलं तीनदा चाखायचं, फोडणीनंतर, उकळी आल्यावर आणि उतरवताना. तेही डाव तळापर्यंत घालून, अर्धी वाटी भरून. "वरचा रस्सा खोटं बोलतो," हे मावशी प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी शिकवत. पातेली पाच. काडीने सांगितल्याबरहुकूम सगळं केलं.

तीनशे माणसं जेवून गेली. काडी हात पुसत बाकावर टेकली, पण तिने डबा काही उघडला नाही.

"जेव की गं," मावशी म्हणाल्या.

"नको मावशी. पोट टम्म झालंय."

"काय खाल्लंस एवढं?"

"हेच की. पंधरा वेळा अर्धी अर्धी वाटी."

"अगं, ती चव. चव म्हणजे काही जेवण नव्हे."

"चव कसली, दोन माणसं जेवली असती त्यात," काडी हसली. "रोज एवढं झाल्यावर वर डबा कसा जातो हो तुम्हाला?"

तिने आपलं सहज विचारलं. मावशींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सव्वीस वर्षं हा डाव त्यांच्याच हातात होता. पुढे मावशी चमच्याच्या टोकाने चाखायला लागल्या, काटा हलला, गुडघाही बदलला, ते सगळं झालं. पण त्या दुपारी त्यांना कसला आनंद झाला नाही. डोळ्यांपुढे येत होता तो तेलाचा चमचा, आणि तो धरून रोज समोर उभी राहणारी सून. तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्याही त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

संध्याकाळी सून नेहमीप्रमाणे चमचा घेऊन आली. "आई, बघा."

"नको दाखवूस."

"का? परत काही चुकलं का माझं?"

तो 'परत' मावशींना फार लागला. त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं, पातेली, वाट्या, काडी, सगळं. सुनेने चमचा ओट्यावर ठेवला आणि गॅस बंद केला.

"मी तेल ओतत नव्हते हे मला ठाऊकच होतं, आई," ती म्हणाली. "ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा."

मावशींनी तिथेच लेकीला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. लेक ऐकून हसली. "जाऊ दे गं आई, कोण लक्षात ठेवतंय."

"तिने ठेवलंय. आणि तू हसू नकोस. जावयांना बोलव." जावई आल्यावर मावशी म्हणाल्या, "तेल ती घालत नव्हती. मीच खात होते, रोज कामावर. आणि नाव तिचं घेतलं, तुमच्या सगळ्यांसमोर. खोटं बोलले मी." मावशींनी फोन ठेवला. मान वर करायची त्यांची छाती होईना.

सुनेने गॅस पेटवला, कढई ठेवली, आणि त्यांच्याकडे पाठ करून तेल घातलं. किती घातलं ते मावशींना दिसलं नाही.