दादांचे कंस

बोलता बोलता दादा दोन्ही तळवे उभे धरत, हवेत कंस घातल्यासारखे. "कंस घातलास ना? मग टेन्शन नाय."

नवी मुंबईत महाप्याच्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहायचो. पोतं काट्यावर आलं की वजन आपोआप नोंदलं जाई. दादा तिथल्याच करावे गावचे. मी नांदेडकडचा, नववीतून शाळा सोडलेला, शिरवण्यात खोली घेऊन राहणारा. लागलो होतो टायपिंगला. दादांनी प्रोग्रॅमिंगला बसवलं. कोणीतरी कागदपत्रं मागेल आणि गावी परत धाडेल, ही धास्ती मला कायम असे.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, शिकवताना न चिडणारं.

"मॅक्रो म्हंजे प्रोग्रॅममदला शिक्का," दादा सांगत. "तू देशील ते जसंच्या तसं उठवनार. दोन जागी लागत असंल तर दोनदा."

"आणि इनलाइन फंक्शन?"

"ते मानूस हाय. दिलेलं एकदाच घेतं, बगतं, मग कामाला लागतं. जवळपास तेवड्याच वेगात."

"मग मॅक्रो कशाला, दादा?"

"जुनी सवय रं."

दोन वजनांतलं मोठं निवडणारा मॅक्रो त्यांचाच, कंसांनी गच्च बांधलेला. खालच्या ओळीत तो वापरताना मी त्यात थेट काटा वाचायची आज्ञा घातली. मॅक्रोने ती दोन जागी उठवली. काटा दोनदा वाचला जाई, एकदा तुलनेला, एकदा नोंदीला; तोवर पुढचं पोतं आलेलं असे. गिऱ्हाइकाच्या यादीतून पोती गळू लागली. कंस दिलेलं एकत्र बांधून ठेवतात; दोनदा उठणं ते कसं थांबवणार?

आमच्याकडे प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याची आद्याक्षरं टाकायची पद्धत होती. साहेब म्हणाले, "प्रिंट काढा. ज्याची ओळ, तो आजच घरी."

ती ओळ माझी होती. प्रिंट काढायला दादा बसले. जरा वेळच लावला त्यांनी. कागद आला तर माझ्या ओळीपुढे त्यांची अक्षरं.

"मॅक्रो माजा, खालची ओळ पन माजीच," ते साहेबांना म्हणाले.

मी तोंड उघडलं. टेबलाखाली दादांनी माझा गुडघा दाबला. आणि मी गप्प बसलो. नोकरी मलाही हवी होती.

निघताना दारात म्हणाले, "तेवडं इनलाइन करून टाक." एका हातात डबा, दुसऱ्यात वह्या. तळवे उभे धरायला हात मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मॅक्रो काढून इनलाइन फंक्शन लिहिलं. पोती जुळली. मग खालच्या ओळीपुढची दादांची अक्षरं पुसून माझी घातली.

त्यानंतर कोणी प्रिंट मागितली नाही.