दान केलेली पँट

गरजेपेक्षा जास्त एकही वस्तू घरात ठेवायची नाही, असं मी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत ठरवलं. घरातल्या कोणालाही न विचारता. पाळकसाहेबांनी समाधानी वृत्तीवर उपदेश केला होता. बाकीची मंडळी आमेन म्हणून घरी गेली. मी याद्या केल्या!

माणशी चार जोड कपडे, दोन चपला, एक छत्री. वर्षभर अंगाला न लागलेलं सगळं गाठोड्यात, आणि गाठोडं चर्चमधल्या गरजूंच्या पेटीत. कपाट इतकं मोकळं झालं की हाक मारली तर आत घुमेल. मला फार हलकं वाटलं. (आणि शेजारणीपेक्षा थोडं पवित्रही.)

ईस्टरनंतरच्या शनिवारी रूथचं लग्न होतं. रूथ माझी पुतणी. तिला वडील नाहीत, त्यामुळे तिला वेदीपर्यंत नेण्याचा मान काकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. अकराची उपासना. सव्वादहाला आतून आवाज आला.

"अगं, कोट मिळाला. पँट कुठंय?"

कोट दाराआड खुंटीला होता म्हणून वाचला. कपाटातली काळी पँट मात्र वर्षभर न घातलेली!

"दिली," मी म्हणाले.

"कोणाला?"

"गरजूंना."

"मग आता मी कोण आहे?"

ऑफिसच्या सगळ्या पँटी इस्त्रीवाल्याकडे, आणि इस्त्रीवाला दुकान बंद करून भाचीच्या लग्नाला सटाण्याला! वर काळा कोट आणि टाय, खाली निळी ट्रॅकपँट, अशा थाटात आम्ही रिक्षातून चर्चला पोहोचलो. फाटकाशी उभ्या गाडीत नवरी बसली होती.

"काकू," रूथचे डोळे भरले, "काका असे येणार?"

तेवढ्यात चर्चचे शिपाई शांतवनमामा सामोरे आले. कडक इस्त्रीची काळी पँट घालून!

"सलाम बाई! बघा, पेटीतून मिळाली. देवानं माझ्यासाठीच धाडली. नुसती चार बोटं आखूड करून घेतली."

पँट ओळखून मी नवऱ्याच्या आड सरकले. नवराच म्हणाला, "मामा, तासाभरासाठी द्याल का?"

मामांनी एकदा ट्रॅकपँटकडे पाहिलं, एकदा रूथकडे. "एवढंच ना? चला आत!"

पाच मिनिटांत अदलाबदल झाली. रूथ काकांचा हात धरून ऐटीत चालत गेली. काकांचे पांढरे मोजे मागच्या बाकापर्यंत दिसत होते. आणि निळ्या ट्रॅकपँटमधले मामा घंटा वाजवताना इतके खूश, जणू लग्न त्यांचंच!

"मामा, वाईट नाही ना वाटलं?" मी नंतर ओशाळून विचारलं.

"कशाला? हिला नाडी हाय. लय मोकळं वाटतं. पण बाई, उद्या उपासनेआधी माझी पँट धुऊन आणा हं."

समाधान कशाला म्हणतात, ते मला त्या दिवशी नीट कळलं. सोमवारी बाजारात गेले आणि नवऱ्याला काळी पँट आणली.

तीन आणल्या.